सतरा मीटरांवरची ढाबळ

आमच्या इमारतीच्या गच्चीवर अम्म बयूमींची, म्हणजे बयूमी काकांची, कबुतरांची ढाबळ आहे. 'होती' म्हणायला अजून जीभ वळत नाही. इमारत सहा मजली, कैरोच्या रिंगरोडला खेटून. तिच्यावर चार लाकडी पायांवर ही निळी-पिवळी ढाबळ उभी, रस्त्याकडे जरा कललेली. मायक्रोबसवाले 'कबुतरांपाशी कोण उतरतंय?' असंच ओरडायचे.

बयूमींनी तीस वर्षं लोकांचे वीजमीटर वाचले आणि निवृत्त झाल्यावर गच्ची गाठली. त्यांच्या बायकोचं, सित्त नगियाचं, म्हणणं असं : "चाळीस कबुतरांची नावं तोंडपाठ आहेत. पोटच्या तीन मुलींपैकी एकीला हाक मारायची, तर आधी बाकी दोघींची नावं घेतो."

रोज सूर्यास्ताआधी बयूमी थवा उडवायचे. लाल निशाण फिरतंय तोवर कबुतरं वर. निशाण खाली घेऊन शीळ घातली की सगळी ढाबळीच्या फळीवर हजर. रस्त्यापलीकडे हाग, म्हणजे हज करून आलेल्या, गब्र यांची ढाबळ. आमच्याकडे कायदा सरळ आहे : दुसऱ्याचं कबूतर तुमच्या फळीवर उतरलं की ते तुमचं. मालक मागायला आला तर त्याला चहा मिळतो, कबूतर मिळत नाही.

मग रिंगरोडच्या कडेला तो डिजिटल फलक आला. तीन मजली उंच. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, बांगेबरोबर पेटायचा आणि त्यावर नव्या बंगल्यांच्या वसाहतीचं निळंशार आभाळ पसरायचं. खऱ्यापेक्षा स्वच्छ, कैरोत कोणी न पाहिलेलं. कबुतरं बिचकायची, भरकटायची आणि गब्रच्या फळीवर उतरायची. अठरा दिवसांत एकवीस गेली. बयूमींनी एकवीस वेळा गब्रकडचा चहा प्यायला. घरी जेवण सोडलं.

नियम मात्र आमच्या बाजूचा होता. राहत्या खोलीपासून वीस मीटरांच्या आत असा फलक नको. आम्ही गच्चीवरून फलकापर्यंत टेप ताणली. इमारतीतली सगळ्यात जवळची खोली तेवीस मीटर, ढाबळ सतरा!

पालिकेच्या कचेरीबाहेर शाकिर नावाचा अर्ज लिहिणारा बसतो. फलकाविरुद्धची आमची तक्रार लिहिताना त्याने विचारलं, "ढाबळीत राहतं कोण?"

"कबुतरं."

"आणि तुम्ही?"

"दुपारी डोळा लागतो कधीमधी."

"मग झालं की, अम्म बयूमी! राहती खोली!"

साक्षीदार म्हणून सही मी, शेजाऱ्याने, केली. घरात माझ्या शब्दाला किंमत नाही, म्हणून सहीला तरी मिळावी, एवढाच लोभ.

आठवड्यात कचेरीचा इंजिनियर धापा टाकत गच्चीवर आला. मोजलं. "सतरा. तुमचं बरोबर आहे."

बयूमींनी त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "अल्ला तुमचं घर आबाद ठेवो, बाशमुहंदिस, इंजिनियरसाहेब!"

"आता या खोलीचा परवाना दाखवा."

"ढाबळीला कसला परवाना?"

"ढाबळीला नाही लागत. राहत्या खोलीला लागतो." त्याने अर्ज उलगडला. "तुम्हीच लिहिलंय. साक्षीदाराची सहीसुद्धा आहे."

साक्षीदार पाण्याच्या टाकीमागे सरकला.

"मग खोडा ते! लिहा ढाबळ!"

"अम्म बयूमी, नोंद झाली की अर्ज तुमचा राहत नाही, आमचा होतो. बेकायदा खोली गुरुवारपर्यंत पाडा."

"आणि फलक?"

"खोली पडली की अंतर तेवीस. फलक नियमात बसतो."

बयूमी त्याच्या पाया पडायला वाकले. मीटर वाचणारा माणूस. दारात कुत्री अंगावर आली तरी कधी न वाकलेला. इंजिनियरने त्यांना दंडाला धरून उठवलं. तो वाईट माणूस नव्हता. कागदावर जे होतं ते त्याने वाचलं, इतकंच.

उरलेली एकोणीस कबुतरं पिंजऱ्यात घालून बयूमींनी मेहुण्याच्या गावी धाडली. गुरुवारी सकाळी बयूमींनी स्वतःच्या हाताने खिळा न् खिळा उपटला. "मजुरांना तिचं दुखरं कुठंय ते कळायचं नाही," म्हणाले.

मेहुण्याने मात्र दुपारी पिंजरे उघडून पाहिले. कबुतरंच ती. सूर्य कलताना सगळी आमच्या डोक्यावर हजर! जिथे ढाबळ होती, नेमक्या त्याच जागेभोवती गोल गोल फिरत होती. खाली उतरायला काहीच नव्हतं.

बयूमी खुर्चीवर चढले आणि उतरण्याची फळी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. फळी पूर्वी होती तिथून ती बरीच खाली होती. शीळ घालायला गेले, तर ओठांतून नुसती हवा.

"अहो, पडाल!" सित्त नगियाने खुर्ची धरली. रडत होती आणि शिव्याही देत होती. "अरे मेल्यांनो, या ना खाली! म्हातारा मरेल माझा!"

बांग झाली. फलक पेटला. निळं आभाळ पसरलं. थवा फुटला आणि एकेक करून रस्त्यापलीकडे उतरू लागला. तिकडे गब्रने निशाणाला हातही लावला नव्हता. शीळही घालत नव्हता. तरी उतरत होती.

बयूमींच्या हातातली फळी एका बाजूला कलू लागली. मी त्या दिवशीही टाकीमागेच होतो; बाहेर आलो, दुसऱ्या खुर्चीवर चढलो आणि फळीचं दुसरं टोक धरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"वर," एवढंच म्हणाले. "अजून वर धर. ती उंच उतरायची."