खिशाखालचं निळं कापड

नवऱ्याच्या शर्टाला मी पहिल्यांदा कात्री लावली ती रागाने, हे आधीच सांगून टाकते. त्याची आठवण आली म्हणून कापला, असं सांगितलं तर ऐकायला गोड लागेल, पण तसं काही नव्हतं. तो बोटीवर असतो. लेक जेमतेम मान धरायला लागली होती तेव्हा गेला, आणि ती रांगायच्या आत येतो म्हणाला. ती रांगून रांगून गुडघे काळे करून बसली, तेव्हा एका दुपारी त्याचा फोन आला. बदली माणूस मिळत नाही, मुक्काम लांबलाय. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि कपाट उघडलं. समोरच त्याचा आवडता चौकड्यांचा शर्ट होता.

कात्रीच्या आवाजाने सासूबाई आतून आल्या. आता चार शब्द ऐकावे लागणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी कापलेली बाही उचलून उजेडात धरली, कापड चोळून पाहिलं.

“काप,” त्या म्हणाल्या. “कपाटात बुरशी खातली, तेच्यापेक्षा बरा. पण वाढता पोर आसा, शिवणीत माया सोड गो. नायतर म्हयन्याभरान परत माका सुईत दोरो घालूक सांगशीत.”

तेव्हापासून मी शिवलेल्या प्रत्येक कपड्यात आतल्या बाजूला भरपूर जादा कापड असतं. धुतल्यावर ते लवकर वाळत नाही, पण सासूबाईंचं ऐकलेलं बरं.

शर्टाचा फ्रॉक करणं तसं सोपं. शर्ट मागचा पुढे फिरवायचा, म्हणजे बटणपट्टी पाठीवर येते आणि काजं-बटणं आयती मिळतात. कॉलर उसवायची, बाह्यांतून झालर काढायची. पोर वाढली की खालची दुमड सोडायची, आणि दुमड संपली की दुसऱ्या शर्टाची पट्टी जोडायची. चौकड्यांच्या फ्रॉकला पांढरी पट्टी लागली, तिच्याखाली तपकिरी रेघांची. इकडे फ्रॉक लांबत गेला, तिकडे कपाट रिकामं होत गेलं.

लेक उभी वाढत होती आणि मी आडवी. बाळंतपणानंतर माझा एकही कुर्ता खांद्यांखाली उतरेना. मग दोन शर्ट जोडून मी माझ्यासाठीही एक झगा शिवला. चांगला दिसायचा, कोणी काही म्हणो. फक्त निळा शर्ट मी कापला नाही. तो ढगळ होता, पुढून बटणं होती, पाजायला सोयीचा. मी तसाच अंगात घालायचे. लेक दूध पिताना एक हात त्याच्या खिशात घालून ठेवायची आणि तशीच झोपायची. मी जरा हलले की खिशातली बोटं घट्ट व्हायची.

ती झोपली की तिला हळूच बाजूला ठेवून मी पडवीतल्या पायमशीनवर बसायचे. घरापुढच्या अंगणात, म्हणजे खळ्यात, माडांच्या सावल्या सरकत असायच्या. आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. मशीनचा आवाज आणि तो आवाज एकमेकांत मिसळले की पाय आपोआप चालायचे. हाताखाली दुसरं एखादं निळं कापड असलं तर मला वाटायचं की आपण पाण्यावरच टीप घालत चाललोय, किनाऱ्यापासून लांब, आणि अशीच सरळ टीप घालत गेलं तर त्याच्या बोटीपर्यंत पोचू. तिथे आता उजाडलं असेल की मावळलं असेल, हेसुद्धा मला धड ठाऊक नसायचं. तशा दुपारी मी कोणावर रागावलेली नसायचे. एकदा अशाच तंद्रीत मी फ्रॉकचा गळाच शिवून बंद केला.

“आता चेडवाचा डोक्या भायर खंयसून येतला?” सासूबाईंनी विचारलं आणि तो फ्रॉक हातात घेऊन शेजारी दाखवून आल्या.

शेजारी म्हणजे वाटेवरच्या क्रुसापलीकडच्या घरात एक शिक्षिका राहते. तिचाही नवरा बोटीवरच, मुलगा माझ्या लेकीहून थोडा मोठा. ती फ्रॉक बघून पोटभर हसली, आणि नंतर कुंपणापाशी मला म्हणाली, “माझो झील बापाशीक बघून चुलीफुडे जावन बसलो. भायर येय ना. तुका आताच सांगून ठेवतंय.”

मला धास्ती होती ती नेमकी याचीच. तो येईल आणि ही त्याच्याकडे जाणार नाही. तिच्या लेखी पप्पा म्हणजे वीतभर काचेतला माणूस. ती फोनच्या तोंडाला भाताचं शीत लावायची, काचेची पापी घ्यायची, आणि तो बोलता बोलता अडकला की फोन हलवायची. तो फोनमधून बाहेर येऊ शकतो, हे तिला कोण समजावणार? मला तरी ते कुठे नीट आठवत होतं!

मग दूध सोडवायची वेळ आली. दुधासाठी ती फार रडली नाही, पण खिशासाठी रडली. झोप आली की हात हवेत खिसा शोधायचा. ते मला बघवेना. मी निळ्या शर्टाचा खिसा उसवला आणि तिच्या फ्रॉकवर छातीशी शिवून दिला. उसवल्या जागी शर्टावर गडद निळा चौकोन निघाला. बाकी शर्ट उन्हाने आणि धुण्याने विटला होता, तेवढी जागा दुकानातून आणल्यासारखी नवी. मी तो शर्ट तसाच वापरत राहिले. लेक वाढली, फ्रॉक आखूड झाले, पण खिसा या फ्रॉकवरून त्या फ्रॉकवर जात राहिला. त्यात तिने शिरोड्याच्या किनाऱ्यावर मिळालेली एक मोठी शिंपली ठेवली होती. ती कोणाला हात लावू द्यायची नाही, सासूबाईंनाही नाही.

तो आला तेव्हा ती चांगली चालत होती. दारात गुडघ्यांवर बसून त्याने हात पसरले आणि “पप्पा” म्हणाला. तिने माझ्या पायांमागून त्याला नीट पाहिलं. मग फळीवरच्या फोनकडे बोट दाखवलं. तो हसला, आम्हीही हसलो. दिवसभर तो घरात आला की ती खळ्यात जाई, तो खळ्यात आला की ती सासूबाईंच्या पदराखाली. त्याने तिच्यासाठी लांबच्या बंदरातून फ्रॉक आणला होता. तो तिच्या डोक्यातूनसुद्धा जाईना. त्याच्या डोळ्यांसमोरची लेक अजून रांगतच होती. त्याने तो फ्रॉक घडी घालून गुपचूप बॅगेत ठेवला. वर्षभर साठवलेलं भांडण मी त्याच्यासाठी तयार ठेवलं होतं, पण त्या घडीकडे बघून मी ते बाजूला ठेवलं. मला त्याची फार दया आली.

संध्याकाळी आंघोळ करून त्याने कपाट उघडलं.

“गो, माजे शर्ट खंय गेले?”

“ते काय, खळ्यात खेळतत,” सासूबाई आतूनच म्हणाल्या.

खुंटीवर निळा शर्ट तेवढा होता, सकाळीच मी अंगातून काढलेला. तो घालून तो पडवीच्या पायरीवर बसला, आमच्याकडे अर्धी पाठ करून. मी मशीनपाशी होते. खळ्यात लेक माती उकरत होती. तिने मान वर केली, शर्ट पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. आपल्या झोपेचा शर्ट या माणसाने का घातला, ते तिला बघायचं असावं. ती तरातरा आली. त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि मातीने भरलेला हात तिने त्या गडद चौकोनावर ठेवला. मग चाचपून बघितलं. मी पायाखालची मशीन थांबवली.

तिने आपल्या खिशातली शिंपली काढली आणि त्या चौकोनात घालायला गेली. शिंपली पायरीवर पडली. त्याने ती उचलून तिच्या हातात दिली. तिने पुन्हा घातली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्याने आपला तळहात चौकोनाखाली छातीशी धरला, बोटं जराशी वाकवून. शिंपली आत राहिली. तिने वाकून खात्री केली. मग शिंपलीच्या मागोमाग आपला हात आत घातला, आणि डोकं त्याच्या शर्टावर टेकलं.

तो श्वाससुद्धा घेत नव्हता. मान न वळवता त्याने हळूच विचारलं, “आता काय करू?”

“काय करू नको,” मी म्हटलं. “हात तेवढो काडू नको.”