सोळावा ट्रॅक

गौरांग बक्षी आमच्या मराठी मंडळाचा सभासद कधीच नव्हता, पण अकरा वर्षांत त्याच्याशिवाय आमचा एकही कार्यक्रम झाला नाही. घर दीक्षितपुऱ्यात. वडील बाबाराव फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. गौरांगने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, काही वर्षं टीव्ही दुरुस्त केले, आणि मग सगळं सोडून रेकॉर्डिंगच्या मागे लागला.

मी मंडळाची सचिव, म्हणून त्याचं काम जवळून पाहिलं. साध्या रेकॉर्डिंगमध्ये सगळे आवाज एकत्र येतात, मग तबला मोठा झाला तर झाला, कमी करता येत नाही. गौरांग प्रत्येक माइकचा आवाज लॅपटॉपवर वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा. गायकाचा एक, तबल्याचे दोन, पेटीचा एक, असे पंधरा. मग घरी हेडफोन लावून आठ-आठ दिवस तो ते आवाज एकमेकांत बसवायचा. सोळावा ट्रॅक त्याच्या स्वतःच्या कॉलरवरच्या माइकचा. त्यावरून तो स्टेजवरच्या लोकांशी हेडफोनमध्ये बोलायचा. काय ठरलं होतं ते मिक्सिंगच्या वेळी आठवावं, म्हणून तोही रेकॉर्ड व्हायचा, हे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट त्याला अजिबात सहन व्हायची नाही. विजेच्या यंत्रांमधून येणारी बारीक घूं. तो तिला ‘हम’ म्हणायचा. एकदा मे महिन्यात त्यानं त्या हमपायी सभागृहातले सगळे पंखे बंद करायला लावले होते. लोक घामाघूम झाले. रेकॉर्डिंग मात्र सुंदर झालं.

मागच्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी नेपियर टाउनमधल्या एका लॉनवर आम्ही वेदांगचा कार्यक्रम ठेवला होता. वेदांग बावीस वर्षांचा, माझ्या मैत्रिणीचा, पूर्णिमाचा एकुलता एक मुलगा. या हिंदी शहरात वाढलेल्या त्याच्या वयाच्या आमच्या मुलांना मराठी कळतं, बोलता येत नाही. हा मराठीत गाणी लिहायचा, शब्द अडला की आईला फोन करायचा, आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवत गायचा.

माळ्यानं पहाटे गवताला पाणी मारलं होतं. लायटिंग आणि वायरिंग रामरावांचं होतं. ते जवळच्या शहपुऱ्याचे, वर्षानुवर्षं आमचं काम करणारे. नऊ वाजता आवाजाची तपासणी सुरू झाली तेव्हा गिटारमधून हम येत होता. गौरांग दोनदा स्टेजवर जाऊन गिटारच्या अँप्लिफायरमागे वाकून काहीतरी करून आला. मग त्याचं समाधान झालं आणि अकरा वाजता कार्यक्रम सुरू झाला.

तिसऱ्या गाण्यात वेदांग माइकच्या अगदी जवळ गेला, आणि त्याचा आवाज मधेच तुटला. तो गिटारसकट आडवा पडला. मला वाटलं, पायात वायर अडकली. रामराव धावत गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वायरिंग कुणाचं, असं पोलिसांनी विचारलं. रामरावांचं नाव मी सांगितलं. ओलं गवत होतं, एका वायरला टेप मारलेली होती, तेवढं पुरे झालं. गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला. चौथ्या दिवशी ठाण्यातून बाहेर पडताना वेदांगच्या मित्रांनी त्यांना गाठलं आणि मारलं. त्यात उजवं मनगट मोडलं. शहरातली त्यांची कामं बंद झाली.

पोलिसांनी गौरांगकडेही रेकॉर्डिंग मागितलं होतं. त्यानं स्टेजवरचे सगळे आवाज एकत्र केलेली एक फाइल दिली. वेगवेगळे ट्रॅक असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यानंही सांगितलं नाही.

पाच आठवड्यांनी पूर्णिमा मला म्हणाली, “प्रतिमा, मला त्याची गाणी हवीत. तू चल माझ्यासोबत.”

आम्ही दुपारी गेलो. गौरांगची बायको दीप्ती हिनं पाणी आणलं. गौरांग बराच वाळला होता. “मी करून देतो ताई, घरी आणून देतो,” तो म्हणाला.

“नाही. मी इथंच बसते. मला नुसता त्याचा आवाज ऐकव.”

त्यानं बाकीचे ट्रॅक बंद केले. खोलीत एकटा वेदांग गायला लागला. दोन ओळींच्या मधला त्याचा श्वास ऐकू येत होता. पूर्णिमा रडली नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर सरकणाऱ्या त्याच्या आवाजाच्या रेघांकडे बघत राहिली. दोन गाणी झाली. तिसरं तिनं लावू दिलं नाही.

“गाण्याच्या आधी तो काय बोलून राहिला होता? ते आहे?”

गौरांगनं मागे नेलं. तपासणीच्या वेळचा वेदांग बोलू लागला. “काका, आवाज ठीक आहे का? ... अच्छा. ... जी काका.” मधे मधे नुसती शांतता.

“तू काय म्हणत होतास त्याला? तुझं काहून ऐकू येत नाही?”

माझा आवाज रेकॉर्ड होत नाही, एवढं गौरांगनं म्हटलं असतं तरी आम्हाला खरं वाटलं असतं. त्यानं सोळावा ट्रॅक चालू केला.

“हम जाऊन नाही राहिला. थांब, अर्थिंग काढून बघतो आत्तापुरतं.” मग खटखट. “बघ, गेला. पण आवाज पातळ येऊन राहिला. ही केबल पण काढतो, अँपसमोर माइकच ठेवू. पिन नंतर लावून देतो.”

“जी काका.”

त्यानं रेकॉर्डिंग थांबवलं. पूर्णिमानं विचारलं, “अर्थिंग काढलं म्हणजे काय केलंस?”

तो खाली बघत बोलला. अँपच्या तीन पिनांच्या प्लगला त्यानं दोन पिनांचा जोड लावला होता. यंत्रात बिघाड झाला तर करंट जमिनीत जायची वाट त्यामुळे बंद होते. अँपपासून त्याच्या यंत्रांपर्यंत जाणारी केबल होती तोवर तिच्यातून दुसरी वाट होती, तीही त्यानं काढली. मग पिन परत लावायची राहून गेली. बिघाड नेमका त्याच दिवशी झाला. गिटारच्या तारांत करंट आला, ओठ माइकला लागले, आणि माइकच्या अर्थिंगकडे जाताना तो वेदांगच्या अंगातून गेला.

“पोलिसांना तो जोड दिसला नाही?” मी विचारलं.

“सगळे वेदांगकडे धावले तेव्हा मी काढून खिशात टाकला.”

दीप्ती दारात उभी होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

“पाच आठवडे तुला माहीत होतं,” पूर्णिमा म्हणाली.

“हो ताई.”

ती उठली. जिन्यात मी हात धरला तर तिनं सोडवून घेतला. खाली गेल्यावर म्हणाली, “रामरावांना मारलं ना पोरांनी? मी अडवलं नाही. मला बरं वाटलं होतं.”

दुसऱ्या दिवशी गौरांग हार्डडिस्क आणि तो जोड घेऊन ठाण्यात गेला. जायच्या आधी पूर्णिमाच्या दारात त्यानं दोन गाण्यांचा पेन ड्राइव्ह दिला. तिनं घेतला आणि दार लावलं.

रामरावांचं नाव गुन्ह्यातून निघालं. मी माफी मागायला शहपुऱ्याला गेले. मनगट वाकडं जुळलं होतं, स्क्रू पिळायचा पेचकसही धरवत नव्हता. ते म्हणाले, “मॅडम, बोर्डात अर्थिंग होतं, हे मी तीनदा सांगितलं. कोणी लिहून नाही घेतलं.” मला तेव्हाचं आठवलं. मीही ठाण्यात तिथंच बसले होते, आणि ऐकलं होतं.

खटला आता गौरांगवर आहे. त्याच्या वकिलाचं म्हणणं, असं रेकॉर्डिंग कुणीही कापू-जोडू शकतं, आवाज तुमचाच आहे हे पोलिसांना सिद्ध करणं जड जाईल, तुम्ही फक्त गप्प राहा.

“आवाज माझाच आहे,” गौरांग म्हणाला. वकिलानं दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही तेवढंच म्हणाला.

दीप्ती मुलीला घेऊन माहेरी गेली आहे. बाबाराव त्याच्याशी बोलत नाहीत. तारखेला तो एकटाच येतो. पूर्णिमा येते, तिच्याबरोबर मी. गेल्या वेळी न्यायाधीश रजेवर होते. आम्ही तिघं दोन तास कोर्टाबाहेर एकाच बाकावर बसलो आणि पुढची तारीख घेऊन परत आलो.