मामेसासऱ्यांचा कारबोरेटर

ज्याला स्क्रू आहे अशी एकही वस्तू आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात उघडल्यावाचून सोडलेली नाही, आणि ते राहतात त्या गल्लीतले पंखे, घड्याळं आणि शिलाई मशिनी अजून चालतात, हा मला निव्वळ लातूरच्या नशिबाचा भाग वाटतो. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. हायस्कुलात हिंदी शिकवून निवृत्त झालेले. हिंदी त्यांनी पोटासाठी शिकवली; जीव सगळा पान्यात. आमच्या लग्नात नवरीला घेऊन अंतरपाटामागं उभं राहायचा मान त्यांचा होता. पण पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि लाऊडस्पीकर खरखरायला लागला. मामांच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटली ती मी अंतरपाटावरून पाहिली. दुसऱ्या मंगलाष्टकाला भाचीच्या मागं कुणीच नव्हतं, तिसऱ्याला लाऊडस्पीकर पुरता बंद पडला, आणि उरलेली भटजींनी उघड्या गळ्यानं म्हटली. अल्बममधल्या त्या फोटोत एका कोपऱ्यात खोक्यात शिरलेली एक पाठ आणि फेट्याचा लोंबता शेमला दिसतो. तेच मामा.

माणसांशी ते अरे-तुरे करत आणि यंत्रांशी अहो-जाहो. शाळेत हेडमास्तरांनाही त्यांनी कधीतरी 'ऐक रे' म्हटल्याचं सांगतात, पण मिक्सरला ते 'बाईसाहेब' म्हणतात. यंत्रांखालोखाल मान जावयाचा, म्हणून माझ्या वाट्याला 'तुम्ही' आलं. नांदेडला आमच्याकडं आले की चपला काढायच्या आधी दारात उभे राहून कान देतात. एकदा पाण्याचा तांब्या हातात घेतला, खाली ठेवला आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, "जावई, तुमचे फ्रिजसाहेब कण्हायलेत." त्या दिवशी फ्रिजमधलं होतं नव्हतं ते सगळं आम्हाला जेवणात संपवावं लागलं. बायकोनं मटार, पनीर आणि ताक यांचं मिळून जे काही केलं त्याला अजून नाव सापडलेलं नाही. फ्रिज मात्र संध्याकाळी कण्हायचा थांबला. चालायचाही थांबला, ही गोष्ट वेगळी. मामा जाताना म्हणाले, "आता त्यांना आराम वाटायलाय."

पण त्यांचं खरं प्रेम घराशेजारच्या मोकळ्या जागेत लिंबाखाली उभं होतं. मामांच्या वडिलांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेला पेट्रोलचा जुना ट्रक. औशाकडच्या शेतातली तूर लातूरच्या दाळमिलवर आणून टाकण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. पुढं डिझेलच्या गाड्या आल्या, वडील गेले, आणि ट्रक लिंबाखाली विसावला तो विसावलाच. मामा त्याला 'आबासाहेब' म्हणत. आजूबाजूच्या प्रत्येकानं क्लासला येणाऱ्या पोरांसाठी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या; पार जिन्याखालीसुद्धा कुणीतरी डॉक्टर व्हायची तयारी करत बसलेलं असे. सबंध गल्लीत अभ्यास न करणारे दोघंच, मामा आणि आबासाहेब. मामी बॉनेटवर पापड वाळवत, आणि ते गच्चीपेक्षा लवकर वाळतात हे मामा ट्रकच्या बाजूचा मुद्दा म्हणून सांगत. केबिनमध्ये एका मांजरीचं माहेर होतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी मामींनी ठरवलं की आता खोल्या बांधायच्या. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलानं फोनवरून होकार दिला, मिस्त्री येऊन जागा मोजून गेला आणि भंगारवाल्याला रविवारी बोलावणं गेलं. मामांनी दोन दिवस जेवताना कुणाशी बोलणं टाकलं. मग म्हणाले, आबासाहेब रविवारच्या आत स्वतःच्या पायानं फाटकाबाहेर गेले तर त्यांना शेतात नेऊन ठेवीन. नाही गेले तर भंगारवाल्यानं न्यावं, मी एक शब्द बोलणार नाही. मामींनी लगेच मान्य केलं. इतक्या वर्षांत जो खोकलासुद्धा नव्हता तो उठून चालायला लागेल अशी भीती त्यांना वाटण्याचं कारण नव्हतं.

मला फोन आला. मी नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवतो. गाडीतलं मला पेट्रोल कुठून घालतात तेवढंच कळतं. मी तसं सांगितलं. मामा म्हणाले, "म्हणून तर तुम्हाला बोलवायलोय. ज्यांना कळतं ते लई मधे बोलतात."

मी पोचलो तोवर त्यांनी टाकी धुतली होती, बॅटरी आणली होती, टायर फुगवले होते, आणि ते फुगले याचा धक्का टायरांइतकाच मलाही बसला होता. उरला होता कारबोरेटर. पेट्रोल आणि हवा यांची भेट घालून देणारा, नारळाएवढा लोखंडी गोळा. तो इंजिनावरून उतरवून मामांनी दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि अत्तर हुंगावं तसा हुंगला. मग मला हुंगायला दिला. आतलं पेट्रोल आटून काकवीसारखं झालं होतं. एका भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं आणि ती बहुधा लेकराबाळांसह राहून गेली होती. "बघा," मामा म्हणाले, "नाकात बोळे घालून कुणी झोपंल का? आणि लोक म्हणतात आबासाहेब मेलेत."

जेवणाच्या टेबलावर परात आली. सुटे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मामांनी मामींचं इडलीपात्र मागवलं. मागवलं म्हणजे स्वतःच फळीवरून काढलं. प्रत्येक खळग्यात एकेक भाग: इथं जेट, इथं सुई, इथं स्प्रिंग. पितळी जेट म्हणजे काय, तर पेट्रोल ज्यातून मापानं जातं असं एवढंसं नळकांडं, आणि त्याचं भोक इतकं बारीक की मला ते आहे हे विश्वासानं मानावं लागलं. ते बुजलं होतं. तारेनं कोरलं तर भोक मोठं होईल आणि आबासाहेब बकाबका पितील, असं मामांचं म्हणणं. केरसुणीची काडी मोडली. मामांच्या डोक्यावर केस नव्हते, माझे लुळे निघाले. मामींच्या वेणीकडं त्यांनी नुसतं पाहिलं, तर मामी उठून देवघरात गेल्या आणि आतून कडी लावून घेतली. मग मामा म्हणाले, घोड्याचा केस.

वरातीला घोडी पुरवणारा एक जण मागच्या गल्लीत राहतो. आम्ही दोघं गेलो. शेपटीचा एक केस पाहिजे म्हटल्यावर त्यानं आम्हाला नीट निरखलं. अमावस्या जवळ होती. त्याला वाटलं, कुणावर तरी करणी करायला निघालेत. माझ्या चष्म्यामुळं त्याचा संशय बळावला असावा, कारण प्रश्न तो मामांना विचारत होता आणि नजर माझ्यावर होती. मामांनी त्याला पेट्रोल कुठून येतं, कुठं तुंबतं आणि घोडीचा केस ती वाट कशी मोकळी करील हे अंगणात कोळशानं चित्र काढून सांगितलं. त्याला ते पटलं की तो कंटाळला हे सांगता येणार नाही, पण तो म्हणाला, घ्या. मला घोडीच्या तोंडाशी उभं करून मामा मागं गेले, "माफ करा हं ताई," म्हणाले, आणि केस उपटला. ताईंनी त्यांना काही केलं नाही. माझ्या शर्टाचा खिसा मात्र आतल्या पेनासकट खाल्ला.

जेट मोकळं झालं. आता मुख्य गोळ्याच्या अंगावरचा कीट. त्यासाठी मामांनी चिंचेचं पाणी करून तो मोठ्या पातेल्यात गॅसवर रटरटत ठेवला. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. आंबट वास घरभर पसरला होता. त्यांनी कौतुकानं विचारलं, काय शिजायलंय? मामी तोवर अशा अवस्थेला पोचल्या होत्या की खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "कारबोरेटर." काकूंनी मान हलवली. मामींचं माहेर उदगीरकडचं, तिकडं कानडी पदार्थ करतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, गूळ कधी घालायचा? मामी म्हणाल्या, आमच्यात बिनगुळाचाच करतात. काकू विरजण घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेनं मामींना अडवून विचारलं, की ते कारबोरेटर भाकरीशी खायचं का भाताशी.

उकळून, घासून, पुसून तो गोळा असा चकाकला की मामींनी नकळत त्याच्याखाली पोळ्यांचा स्वच्छ रुमाल अंथरला. जोडांमध्ये घालायला पुठ्ठ्याच्या पट्ट्या हव्या होत्या. त्या तयार मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मामांनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. जितका वरपक्ष मोठा तितका पुठ्ठा जाड, असा त्यांचा अभ्यास. एका व्यापाऱ्याच्या घरची सोनेरी पत्रिका पसंत पडली आणि आबासाहेबांच्या पोटात वधूवरांची नावं गेली.

ते पुठ्ठा कापत बसले होते तेव्हा मामींनी मला मागच्या ओट्यावर चहा दिला आणि तिथंच सांगितलं. लग्नानंतर त्या सासरी आल्या त्या याच ट्रकमधून. नळेगावच्या अलीकडं रस्त्यात ट्रक बंद पडला. नवरदेव मुंडावळ्यांसकट खाली उतरले आणि बॉनेटमध्ये शिरले. वऱ्हाडी झाडाखाली झोपले, म्हाताऱ्या कुरकुरल्या, आणि मामी केबिनमध्ये एकट्या, काचेतून नवऱ्याची पाठ बघत. "मी तवाच समजले," त्या म्हणाल्या, "ह्या घरात मी दुसरी हाय."

मी चहा चांगला झालाय म्हटलं.

रविवारी भंगारवाला माणसं आणि गॅसकटर घेऊन आला आणि फाटकाशी बसला. मामांनी धुतलेला सदरा घातला होता. कारबोरेटर जागेवर बसला, नळ्या जोडल्या गेल्या, मला चोकच्या दांडीपाशी उभं केलं. त्यांनी चावी फिरवली. ट्रकनं एक जडसा आवाज काढला आणि गप्प झाला. परत फिरवली. परत तेच. भंगारवाला उठून उभा राहिला. मामांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि समोर बघत राहिले. मी त्यांना इतकं लहान कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात दारातून मामींचा आवाज आला, "अहो, थोडं पेट्रोल वरून ओता की तोंडात. तवा नळेगावला ओतलं होतं तसं."

मामांनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. मग खाली उतरले, चहाच्या कपभर पेट्रोल कारबोरेटरच्या तोंडात ओतलं, परत चढले. मोठा स्फोट झाला. लिंबावरचे सगळे कावळे उडाले, मांजर केबिनमधून बाहेर पडून सरळ भंगारवाल्याच्या खांद्यावरून गेली, काळा धूर आला, आणि त्या धुरात आबासाहेब घरघरत, थरथरत, सगळ्या अंगानं हसावं तसे चालू झाले. गल्लीतल्या एकूण एक खिडक्यांतून क्लासची पोरं डोकावली. ट्रक कापायला बोलावून आणलेला भंगारवाला बिचारा टाळ्या वाजवायला लागला.

फाटकाबाहेर ट्रक गेला. जाताना फाटकही थोडं बरोबर गेलं. मामा ब्रेक दाबून थांबले आणि पलीकडचं दार उघडं ठेवून बसले. मामींनी घराला कुलूप लावलं, भाकरीचं गाठोडं घेतलं, पदर खोचला आणि वर चढल्या. मी शेजाऱ्यांची स्कूटर मागून घेऊन मागं निघालो. औशाच्या रस्त्याला लागेस्तोवर मी इतका धूर खाल्ला की घरी बायकोनं मला आवाजावरून ओळखलं.

आता तिथं खोल्या झाल्यात. पोरं पहाटे मोठ्यानं पाठ करतात, आणि मामा त्यांचे टेबलफॅन उघडतात. आबासाहेब शेतात आंब्याखाली असतात. आठवड्यातून एकदा दोघं एसटीनं जाऊन त्यांना चालू करून येतात. या दिवाळीत आम्हीही गेलो होतो. मामांनी कारबोरेटर उतरवून चादरीवर ठेवला होता. त्यांचे हात हल्ली कापतात. जेट बसवताना ते बोटांतून निसटून गवतात पडलं. परत उचललं, परत पडलं. मी पुढं होणार तेवढ्यात मामींनी ते उचललं, पदराला पुसलं, फुंकर मारून उजेडाकडं धरलं, आणि त्यांच्या हातात न देता स्वतःच बसवायला घेतलं.

"उजवीकडं फिरव," मामा म्हणाले. "हळू."

"ठाऊक हाय," मामी म्हणाल्या.

मामा जरा वेळ मामींच्या बोटांकडं बघत राहिले. मग मामींच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून थोडे सरकून त्यांच्यावर सावली धरून बसले.