तिसरा जीव

कुम-हेस्गच्या शेतावर मोरविथ आत्याला सगळे तळहाताच्या फोडासारखं जपत, आणि तिला त्या सगळ्यांचा तिटकारा होता.

त्याचं मूळ प्लासच्या दप्तरात होतं. प्लास म्हणजे टेकडीवरचं जमीनदाराचं घर, आणि दप्तर म्हणजे तिथल्या लोखंडी पेट्यांत पिढ्यान्‌पिढ्या साठवलेले कागद. मालकांच्या पणजोबांच्या शिकारी कुत्र्यांची वंशावळसुद्धा तिथे जपून ठेवलीय. आमच्यासारख्यांची नावं मात्र कोण मेलं हे कळावं एवढ्यासाठीच लिहितात. मोरविथच्या बापाने शेत घेतलं ते तीन जिवांच्या पट्ट्यावर. अशा पट्ट्यात तीन माणसांची नावं घालायची. त्यांतलं एक जरी जिवंत असलं, तरी खंड वाढत नाही आणि शेताला कुणी हात लावू शकत नाही. तिसऱ्याने डोळे मिटले की शेत, घर, गोठा, सगळं प्लासच्या घशात. बापाने स्वतःचं नाव घातलं, थोरल्या मुलाचं घातलं, आणि तिसरं पाळण्यात भोकाड पसरून रडणाऱ्या मोरविथचं. छाती दणकट आहे पोरीची, म्हणाला.

छाती दणकट निघाली, पण तिचा उपयोग तिला स्वतःला कधी झाला नाही. वयात आल्यावर गुटो नावाच्या सुताराशी तिचं जमलं. तो अमेरिकेला निघाला, ही त्याच्याबरोबर जायला तयार. भावाने दारच अडवलं. समुद्रापार गेलेल्या माणसाची काही वर्षं खात्रीलायक खबर आली नाही, तर प्लास त्याला मेलेला धरतं, आणि अमेरिकेतून खबर आणायची कुणी? गुटो एकटा गेला. धाकटी बहीण नेस्ट खाडीकाठच्या गावात लग्न होऊन सुखाने नांदली. तिचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं ना.

पुढे बाप गेला, भाऊ गेला, आणि शेत भाच्याच्या, म्हणजे इव्होरच्या हाती आलं. आता सगळा भार म्हातारीच्या श्वासावर. बर्फ पडला की इव्होर तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसे. ती खोकली की तो चुलीत आणखी लाकडं सारायचा. त्याची बायको बेट्सन तिला सगळ्यांच्या आधी गरम रस्सा वाढायची, आणि वाढताना तिच्याशी चकार शब्द बोलायची नाही. खंडाच्या दिवशी प्लासचा कारभारी प्रोथेरो यायचा, तेव्हा आत्याला दारात उभी करायचे. तो तिला बाजारातल्या गाईसारखी वरखाली न्याहाळायचा आणि तोंड कडू करून परत जायचा. त्याचं ते तोंड पाहणं, एवढीच आत्याची वर्षाकाठची चैन होती.

मग एका शरदात निरोप आला, की नेस्टला ताप आहे, हाडं उरलीत, ताईला बघायचं म्हणते. मोरविथने शाल घेतली. इव्होरने तिचे बूट उचलून कपाटात टाकले आणि किल्ली खिशात घातली. खाडीकाठी तापाने घरंच्या घरं बसली होती.

"तिथे तू काय करणार, आत्या?" तो म्हणाला. "ती तर जाणारच. तू पण गेलीस तर माझी पोरं कुठे जातील, सांग."

बोलणं खोटं नव्हतं, त्यामुळे तिला ते जास्तच झोंबलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि अन्नाला शिवेना. बेट्सनने ताक आणलं, ओटची भाकरी आणली, शेवटी चमचा घेऊन जबरदस्ती करायला बसली, तेव्हा म्हातारीने चमचा उडवला. शेजाऱ्यांनी ही बातमी प्लासवर पोचवली. आमच्या खोऱ्यात असल्या कामाला माणसं लागलीच मिळतात.

प्रोथेरो स्वतः गाडी हाकत आला. बिछान्याशी खुर्ची ओढून बसला, पण नजर खिडक्यांवर, तुळयांवर. कुम-हेस्ग त्याने मनातल्या मनात कुणालातरी देऊनही टाकलं असावं. मालकांना फार काळजी वाटते, म्हणाला. काही हवंय का, असंही विचारलं.

मोरविथ उठून बसली. एवढ्या वर्षांत तिला हे विचारणारा हा पहिलाच माणूस, आणि तो कोण, तर हा.

"खाडीकाठी न्या मला," ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या घरी. ताप आहे तिथे, आधीच सांगते."

प्रोथेरोचा चेहरा असा काही मऊ झाला, की बेट्सनला शिसारी आली. गाडी दारातच आहे, तो म्हणाला, आणि घोंगडीही आहे.

मोरविथने रस्सा मागितला, वाटी निपटून प्यायली आणि नुसत्या मोज्यांवर बाहेर आली. इव्होरने घोड्याचा लगाम धरला. आधी प्रोथेरोला शिव्या घातल्या, मग आत्याच्या हातापाया पडला. कपाटातून काढलेले तिचे बूट दुसऱ्या हातात घेऊन तो तिच्यापुढे उभा होता. परत ये फक्त, म्हणत होता.

"सोड," ती म्हणाली. "कागदावरची मोरविथ तुझी. ही माझी आहे."

त्याने लगाम सोडला. बूट तिने घेतले नाहीत.

खाडीकाठी प्रोथेरो नाकाला रुमाल लावून रस्त्यावरच थांबला. आत नेस्ट अंथरुणात दिसेनाशी झाली होती. मोरविथने तिला टेकून बसवलं, कपाळाला कपाळ लावलं, तिच्या ओठांना पाणी लावलं. असं करू नको, माझा ताप लागेल तुला, असं सांगायला नेस्टपाशी आवाज उरला नव्हता. शेवटी कशीबशी ती एवढंच पुटपुटली, "सोडलं त्यांनी तुला?"

"नाही ग. मी जगावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी बूट लपवले. मी मरावी म्हणून जो टपलाय, त्याने गाडीत घालून आणली."

नेस्ट हसली, की तिला उबळ आली, ते कळलं नाही. मोरविथने तिला छातीशी घट्ट धरलं. बाहेर प्रोथेरो घोड्याला चारा घालत होता. त्याला काही घाई नव्हती.