फरसाणवाल्याचा संघ

परतूरला आमचा फरसाणाचा कारखाना. वडिलांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्यांनी टेनिस बॉलच्या तालुका लीगमध्ये एक संघ विकत घेतला. खेळाडू निवडताना ते पोराला आधी जेवायला बसवत. जो पोटभर जेवतो तोच धावतो, असा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे आमच्या संघाला बघून समोरच्यांना भीती वाटायची, पण ती सामना सुरू होईपर्यंतच.

मैदानावर त्यांचा एक रिवाज होता. मधल्या सुट्टीत चिवड्याची पाकिटं सगळ्यांना जायची, दोन्ही संघांना, पंचांना, अगदी आमच्या नावानं बोंब मारणाऱ्यांनाही. आपल्यासमोर कुणी उपाशी बसलेलं त्यांना खपत नसे. पंच म्हणजे शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी, वडिलांचे जुने दोस्त. दर रविवारी ते आमच्याकडे चहाला यायचे.

गेल्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, आम्ही फायनलला पोचलो. समोर घनसावंगीचा संघ. शेवटच्या चेंडूवर त्यांना दोन धावा हव्या होत्या. पहिलीच धाव घेताना फलंदाज धावबाद झाला, गुरुजींनी बोट वर केलं आणि आम्ही जिंकलो. मी क्रीजच्या रेषेतच खुर्ची टाकून बसले होते. तो चांगला हातभर बाहेर होता.

तेवढ्यात समोरच्या मांडवातून कुणीतरी ओरडलं, शेठचा चिवडा खाल्लाय, खाल्ल्या मिठाला जागणारच. लोक हसले. वडील तरातरा खेळपट्टीवर गेले आणि म्हणाले, शेवटचा चेंडू परत टाका, माझ्या खाण्याला कुणी लाच म्हणायचं नाही. आमच्या कप्तानानं हात जोडले. समोरचे कशाला नको म्हणतील? गुरुजी स्टंपमागे जाऊन उभे राहिले. चेंडू टाकला, चौकार गेला आणि कपही गेला.

लोकांनी वडिलांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. माझं डोकं तापलं होतं. गाडीत मी वडिलांना म्हणाले, दादा, तो आऊट होता.

"मला बी दिसलं," ते म्हणाले. स्वतःवर भलतेच खूश होते.

पुढच्या रविवारी गुरुजी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग वडिलांनी शेवेचा डबा भरला आणि मला गाडी काढायला सांगितलं. गुरुजींनी खुर्ची दिली, पाणी दिलं, तब्येत विचारली. डब्याला मात्र हात लावला नाही.

"त्या पोराच्या बोलण्याचं मला काय न्हाई वाटलं, शेठ," ते म्हणाले. "पोरं बोलत असतेत. पर तुम्ही सगळ्यांसमोर बॉल परत टाकायला लावला. तुम्हाला दिसलं न्हाई का तो आऊट होता?"

वडिलांना खोटं बोलता आलं असतं. "दिसलं," ते म्हणाले.

"मंग मला का खोटं पाडलं?"

मला वडिलांची दया आली, आणि गुरुजींचंच बरोबर होतं. उठताना वडिलांनी डबा विसरल्यासारखा तिथंच ठेवला. गुरुजी तो घेऊन गाडीपर्यंत आले आणि काचेतून माझ्या हातात दिला.