भाऊ म्हणायची सवय

फौजेतून सुट्टीवर आलो की मी ज्याच्यासाठी शेवगावला धावायचो, तो मास्तर माझ्या निवृत्तीनंतर नगरला माझ्याच घरी राहायला आला. आमचं प्रेम शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आम्ही एकमेकांना भाऊ म्हणू लागलो. सासरनं हाकललेली माझी बहीण आपाही आमच्यातच राहिली. दरवर्षी दोघांना राख्या बांधून तिनं ते खोटं पक्कं केलं.

आता मास्तरला विसरण्याचा आजार झालाय. बाकी सगळं गेलं, नेमकं ते खोटं तेवढं राहिलं.

काल मी त्याची दाढी करत होतो. माझा हात धरून तो हळूच म्हणाला, "भाऊ, रागावू नको. माझा एक माणूस हाय फौजेत. सुट्टीवर आला की त्याला इथं राहू देशील?"

"देईन," म्हणालो. दुसरं काय कपाळ म्हणणार!