सुभद्राताईंचा कबड्डी संघ

हुडकेश्वर तेव्हा नागपूरचा भाग नव्हता, गाव होतं. तिथल्या एका शेतकरी घरातली सुभद्रा १९६०च्या सुमारास सायकलनं शहरात कॉलेजला येऊ लागली, तेव्हा तिला पाहायला लोक दारात येऊन उभे राहत. तिला त्याचं काही वाटत नसे. ‘थोडे दिवस पाहतात अन् मग आपल्या कामाले लागतात,’ असं ती म्हणायची. कॉलेजात ती कबड्डी खेळली, विद्यापीठाच्या संघात गेली, बी.ए. झाली आणि टेलिफोन खात्यात गावोगावचे फोन जोडून देणारी ट्रंक ऑपरेटर म्हणून लागली. नवरा मनोहरराव हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर. दोन मुलं, आणि सासूबाई रंभाबाई.

मी रुख्मिणी. त्यांच्याच कॉलेजची, पण बरीच धाकटी. मी सांगते आहे ती गोष्ट १९७४च्या जानेवारीतली. त्या वर्षी मी कॉलेजच्या मुलींच्या संघाची कप्तान होते. पुढे सुभद्राताईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी कितीतरी वर्षं नोकरी केली, म्हणून मला न दिसलेला भागही ठाऊक आहे.

कॉलेजचा रौप्यमहोत्सव होता. माजी विद्यार्थी मंडळाचे चिटणीस मधुसूदन हे ताईंच्याच वर्गातले, आता बँकेत होते. आमंत्रण द्यायला ते घरी आले. कार्यक्रम सांगता सांगता म्हणाले, “माणसांची क्रिकेटची मॅच ठेवली. तुम्हा बायांसाठी रांगोळी अन् संगीत खुर्ची.”

“मले रांगोळी येत नाही गा,” ताई म्हणाल्या. “कबड्डी ठेव.”

“कबड्डी? कोन खेळन आता? सगळ्या लेकुरवाळ्या झाल्या.”

“कोन खेळन ते मी पाहते. तू फक्त मैदान दे अन् कॉलेजच्या पोरींले सांगून ठेव.”

मधुसूदन हसले आणि हो म्हणून गेले. सात जणी काही जमणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती.

पण ट्रंक एक्स्चेंजमध्ये बसणाऱ्या बाईला माणसं शोधणं काय अवघड? दुपारी लाइनी जरा थंडावल्या की ताई गावोगावच्या ऑपरेटरांशी बोलत. वर्ध्याला विचारलं, भंडाऱ्याला विचारलं. शोभाताई मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्या नागपुरातच सापडल्या. एक वर्ध्याला मास्तरीण, दोघी भंडाऱ्याला, एक इथेच विमा कचेरीत. अडलं होतं ते प्रेमिलापाशी. ताईंच्या काळात तिच्यासारखी पकड कुणाची नव्हती, आणि ती लग्न होऊन उमरेडकडच्या कुठल्याशा खेड्यात गेली होती.

उमरेडचा ऑपरेटर म्हणाला, “बाई, खेड्यात फोन कुठला? पण तिकडची सारी मिरची शालिकरामच्या अडतीवर येते. तिथे फोन आहे.”

शालिकराम अडत्याकडे निरोप ठेवला. बाजाराच्या दिवशी प्रेमिला मिरचीच्या गाडीसोबत आली, तसा त्यानं तिच्या हातात फोन दिला. पहिल्यांदाच फोनवर बोलणारी प्रेमिला इतक्या मोठ्यानं ओरडली की ताईंनी कानावरचं यंत्र दूर धरलं.

“काहून वं सुभद्रा? कोनाचं काही बरं-वाईट तर नाही?”

“सारं बरं आहे. कबड्डी खेळायची आहे.”

प्रेमिलानं पलीकडं कुणालातरी वार विचारला. मग म्हणाली, “मिरचीची तोडणी चालू आहे. शनिवारी आली तर चालन?”

सराव हुडकेश्वरला. ताईंचे भाऊ रुपराव यांनी गोठ्यामागची जागा वखरून, पाणी मारून मऊ करून दिली. अडचण आली ती कपड्यांची. आम्ही पोरी हाफपँट घालून खेळायचो, ते त्यांना नको होतं. साडीत तर धरणं-सुटणं जमेना. मनोहररावांना कंपनीकडून निळे युनिफॉर्म मिळत. ताईंनी त्यातली एक पँट कापून स्वतःच्या मापाची केली आणि घालून पाहिली. मनोहरराव म्हणाले, “आमच्या सुपरवायझरपेक्षा तुलेच शोभून दिसते.” आणि दुसऱ्या दिवशी सोबत्यांकडून आणखी जुन्या पँटी मागून आणल्या.

रंभाबाईंना मात्र हे पटलं नव्हतं. “पडलीस-झडलीस त घर कोन पाहीन?”

“तुम्ही आहा ना, आत्याबाई. तुमच्याच भरवशावर तर चाललं आहे सगळं.”

सामन्याच्या दिवशी रंभाबाई नातवंडांना घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

निळ्या पँटीतल्या त्या सात बाया मैदानात उतरल्या, तेव्हा आम्ही तोंडाला हात लावून हसलो. पोरं शिट्ट्या मारत होती. ताई मध्यरेषेवर आल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “कप्तान तू का वं? ये, आधी तूच ये.”

सुरुवातीला आम्ही त्यांना पळवून पळवून दमवलं. मध्यंतराला त्या सगळ्या धापा टाकत मातीत बसल्या होत्या. शोभाताईंचं कोपर खरचटलं होतं; त्या स्वतःच पट्टी बांधून घेत होत्या. तेवढ्यात ताईंनी काहीतरी समजावलेलं मला दिसलं. नंतर ताईंनीच सांगितलं, त्या म्हणाल्या होत्या, “त्याहिच्यामागं पळू नका. पळणं त्याहिचं काम. आपण उभं राहू, त्या येतात आपल्याजवळ.”

आणि तसंच झालं. मी चढाईला गेले तर समोर सगळ्या शांत उभ्या. कुणी हलेना. मला वाटलं, दमल्या. मी आणखी आत शिरले आणि प्रेमिलानं माझा घोटा धरला. असा धरला की मी जागच्या जागी बसले. मग सातही जणी अंगावर! उठता उठता ऐकलं, रंभाबाई ओरडत होत्या, “धरून ठेव वं प्रेमिला, सोडू नको!”

त्यानंतर ताईंची चढाई. दिवसभर बोलण्याचं काम करणाऱ्या त्या बाईचा दम सुटता सुटेना. एका दमात आमच्या तिघींना शिवून त्या परत गेल्या. शिट्ट्या मारणारी पोरं आता त्यांच्याच नावानं ओरडत होती.

सामना आम्हीच जिंकलो, पण थोडक्यात. ताईंना हरल्याचं दुःख दिसलं नाही. कपड्यांवरची माती झटकत त्या माझ्याकडे आल्या.

“बी.ए.च्या पुढं काय करशील?”

“घरी लग्नाचं चालू आहे.”

“लग्न होऊन जाईन. नोकरीचं विचारून राहिले मी. आमच्या खात्यात भरती आहे. अर्ज कर. आवाज चांगला आहे तुझा.”

माझे वडील, गणपतराव, कडक स्वभावाचे. त्यांना विचारायची माझी हिंमत नव्हती. पुढच्या रविवारी ताईच आमच्या घरी आल्या. वडिलांनी रात्रपाळीची शंका काढली. “रात्रपाळी माणसांची, पोरी आठाच्या आत घरी,” ताई म्हणाल्या. वडिलांनी वातावरणाची शंका काढली. ताई म्हणाल्या, “काका, मी तिथंच बसते. उद्या या अन् पाहून जा.” वडील खरंच गेले. संध्याकाळी येऊन आईला म्हणाले, “करू दे तिले अर्ज.”

तो सामना मग दर जानेवारीत होऊ लागला. खेळापेक्षा नंतरचा चहा लांबायचा. कुठल्या शाळेत जागा निघाली, कुणाला बढती मिळाली, कुणाला नवऱ्याच्या बदलीच्या गावी काम हवंय, सगळं तिथं निघे. मंडळाच्या वार्षिक अंकात ‘भगिनी-वार्ता’ म्हणून एक पान असे. त्यात लग्नं आणि बारशी छापत. ते पान ताईंनी नोकरी-धंद्याच्या बातम्या छापायला मधुसूदनांकडून मागून घेतलं. पहिल्याच वर्षी त्यात प्रेमिलाच्या मिरचीला तालुक्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाल्याची बातमी आली.

“ही करिअरची बातमी आहे का?” मधुसूदनांनी विचारलं होतं.

“बी.ए. झालेली बाई मिरची पिकवते, मजूर सांभाळते, अडत्याशी भाव ठरवते. मग अजून काय पाह्यजे तुले?”

मधुसूदनांनी ती जशीच्या तशी छापली. आमच्या कॉलेजच्या कितीतरी मुली त्या पानावरून कामाला लागल्या. ताई स्वतः पुढे सुपरवायझर झाल्या आणि त्यांनी मनीषनगरला घर बांधलं. तेव्हा तिथं चार-दोनच घरं होती.

त्र्याऐंशीत गुडघा दुखू लागला, म्हणून डॉक्टरांनी खेळणं बंद करायला सांगितलं. ताईंनी ऐकलं, आणि त्याच वर्षी पंचांच्या परीक्षेला बसल्या. पास झाल्या. पुढच्या जानेवारीत पांढरी साडी नेसून, गळ्यात शिटी अडकवून मैदानावर उभ्या राहिल्या आणि रेषेबाहेर पाय गेला म्हणून पहिल्याच डावात त्यांनी प्रेमिलाला बाद दिलं.

प्रेमिला भांडली. रेष दाखव म्हणाली, पाय दाखवला, मैदानाबाहेर गेल्यावरही बडबडत राहिली. ताईंनी शांतपणे शिटी वाजवून पुढची चढाई सुरू केली. चहाच्या वेळेपर्यंत प्रेमिला त्यांच्याशी बोलली नाही. मग त्यांच्याच शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “माही मोठी पोरगी औंदा मॅट्रिकले आहे. तिले कोन्त्या कॉलेजात टाकू, सांग.”